ईएफ जुळला, पीळ उलटा: धडधडत्या हृदयाचं मॉडेल कुठून सुरू करावं

तुझा प्रश्न थोडक्यात असा. बी.ई. मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, राहणं नाशिकच्या पंचवटीत. सेंट्रिफ्यूगल पंपाच्या केसिंगचं स्ट्रेस ॲनालिसिस करून झालंय. मध्यंतरी आजींच्या इको रिपोर्टवर 'ईएफ ४० टक्के' (भरलेल्या हृदयातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं तो आकडा) असं वाचलंस आणि डोक्यात आलं की हृदय म्हणजे पंपच की! मग त्याचं थ्री-डी मॉडेल करून नेमकं कुठे काय बिघडलंय ते काढता येईल का, आणि सुरुवात कुठून करू?

करता येईल. पण थ्री-डीपासून सुरू केलंस तर मार्चपर्यंत तुझ्याकडे लाल-निळ्या रंगांचं एक देखणं चित्र असेल आणि व्हायवात पहिल्याच प्रश्नाला विकेट जाईल. मी हे अनुभवाने सांगतेय. अंबडच्या एमआयडीसीत रबराचे इंजिन माउंट आणि बुश यांचं ॲनालिसिस करता करता मी हृदयाकडे वळले, त्याला आता चौदा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी देखणी चित्रंच काढली.

एक गोष्ट आधीच सांगते. आजींचे आकडे घालून आजींचं निदान करायच्या भानगडीत पडू नकोस. त्यांचं औषध-पाणी त्यांच्या डॉक्टरांकडेच राहू दे. तू हृदय समजून घे.

सुरुवात हृदयाच्या पुढच्या नळ्यांपासून कर. दिंडोरीला माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर त्यांचा ट्रॅक्टरवरचा फवारणीचा एचटीपी पंप सारखा चालू असतो. त्याला तीन पिस्टन, आणि डिलिव्हरीच्या बाजूला एक गोल डबा, आत हवा. एकदा त्या डब्यातली हवा गेली. गेजचा काटा थरथरायला लागला, नळी उसळ्या घ्यायला लागली आणि गनमधून औषध झटक्याझटक्याने पडू लागलं. मामांनी पंप बंद करून डब्यात हवा भरली, काटा पुन्हा शांत. पिस्टन तेच, गती तीच. बदललं ते फक्त पुढच्या बाजूचं लवचीकपण.

महाधमनी म्हणजे हाच डबा. ही उपमा माझी नव्हे. घोडीच्या धमनीला नळी जोडून रक्त आठ फुटांवर चढतं हे मोजणारा इंग्रज पाद्री स्टीफन हेल्स याने १७३३ साली धमन्यांची तुलना आगीच्या बंबावरच्या हवेच्या डब्याशी केली होती. जर्मन भाषेत त्या डब्याला विंडकेसल म्हणतात आणि १८९९ साली ओटो फ्रांक यांनी त्याचं समीकरण मांडलं. समीकरण इतकं साधं आहे की तू ते टाकीच्या गणितासारखं लिहू शकतोस. आत येणारा प्रवाह वजा बाहेर जाणारा प्रवाह म्हणजे डब्यात साठणारं रक्त. बाहेर जाणारा प्रवाह म्हणजे दाब भागिले रोध. साठणारं रक्त म्हणजे लवचीकपणा गुणिले दाब वाढण्याचा वेग.

आता आकडे घाल. हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त ढकलतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मिली. सरासरी दाब ९३ मिमी पारा धरला तर रोध येतो १.१२. लवचीकपणा तरुण माणसात ढोबळपणे १.५ मिली प्रति मिमी पारा. दोन्हींचा गुणाकार १.६८ सेकंद, हा त्या डब्याचा कालस्थिरांक, म्हणजे दाब किती सावकाश उतरतो त्याचं माप. झडप बंद झाल्यावर दाब ११० असेल तर पुढच्या अर्ध्या सेकंदात, हृदय काहीही पुढे ढकलत नसताना, तो ८२ वर येतो. म्हणजे डॉक्टर सांगतात तो 'खालचा बीपी' हृदयाने थेट केलेला नसतो, डब्याने राखलेला असतो. लवचीकपणा निम्मा कर. त्याच अर्ध्या सेकंदात ११० चे ६१ होतात. मग सरासरी टिकवायची तर वरचा आकडा चढवावा लागतो. म्हाताऱ्या माणसांत बीपी १६० आणि ७० असा फाकलेला का दिसतो, याचं बरंचसं उत्तर या एका ओळीत आहे. हे एक्सेलमध्ये अर्ध्या तासात होतं. मी अजूनही नव्या मुलांना आधी हेच करायला लावते, आणि निम्म्या जणांचं युनिट चुकतं.

आता खुद्द हृदय. इथे तुझी पंपाची उपमा पहिल्यांदा मोडते. सेंट्रिफ्यूगल पंपात केसिंग गप्प बसतं आणि इम्पेलर राबतो. हृदयात केसिंगच राबतं. प्रसरणाच्या वेळी डाव्या जवनिकेची (शरीरभर रक्त ढकलणारा हृदयाचा खालचा डावा कप्पा, डॉक्टरांच्या तोंडी एलव्ही) भिंत इतकी मऊ असते की ११० मिली जास्तीचं रक्त ती जेमतेम नऊ मिमी पाऱ्याच्या दाबाला सामावून घेते. अडीचशे-तीनशे मिलिसेकंदांत तीच भिंत तीसएक पटीने ताठ होते. १९७० च्या दशकात जॉन्स हॉपकिन्समध्ये हिरोयुकी सुगा आणि किइची सागावा यांनी कुत्र्याच्या हृदयांवर प्रयोग करून हे एका सूत्रात बसवलं. दाब = ताठपणा × (आकारमान − व्ही-शून्य). व्ही-शून्य म्हणजे ज्या आकारमानाला दाब शून्य होतो ते, आपण १० मिली धरू. ताठपणा मात्र स्थिर नाही, तो ठोक्यागणिक ०.०८ वरून २.५ वर चढतो आणि परत उतरतो. बस, एवढंच मॉडेल.

एवढंसं दिसतं, पण आजींच्या रिपोर्टमागचा निम्मा खेळ यात आहे. वही घे आणि माझ्याबरोबर सोडव.

हृदय भरून १२० मिली झालं. आकुंचनाच्या शेवटी किती उरेल? त्याला 'श' म्हणू. हृदयाच्या बाजूने शेवटचा दाब २.५ × (श − १०). धमन्यांच्या बाजूने तोच दाब बाहेर गेलेल्या रक्ताच्या प्रमाणात असतो, १.४३ × (१२० − श). हा १.४३ म्हणजे शेवटचा दाब १०० भागिले बाहेर गेलेलं रक्त ७० मिली. दोन्ही समान ठेवले की श ५० येतो. बाहेर ७० मिली, दाब १००, ईएफ ५८ टक्के. निरोगी माणूस.

आता स्नायू अर्धा दुबळा कर, २.५ च्या जागी १.२५. बाकी काही हलवू नकोस. श होतो ६९, बाहेर पडतं ५१ मिली, दाब कोसळून ७३, ईएफ ४३. असा माणूस उभा राहिला की चक्कर येऊन पडेल.

पण शरीर हातावर हात ठेवून बसत नाही. मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्ताचं प्रमाण वाढतं, हृदय जास्त भरतं. समज, १६० मिली भरलं. पुन्हा सोडव. श ९०, बाहेर ७० मिली, दाब १००. जसंच्या तसं! दुबळ्या हृदयाने निरोगी हृदयाइतकंच रक्त आणि तेवढाच दाब दिला. आणि ईएफ? ४४.

इथे थांबून पाहा. चक्कर येऊन पडणारा माणूस आणि बाजारहाट करणारा माणूस यांच्या ईएफमध्ये एका टक्क्याचा फरक. म्हणून कोणी नुसता ईएफ दाखवून 'माझं मॉडेल जुळलं' म्हणालं की मी आधी विचारते, किती मिलीला जुळलं? भरताना दाब किती होता? कारण १६० मिली भरण्याची किंमत असते. सरळ रेषेने काढलीस तर भरण्याचा दाब १२ येतो, पण खरी रेषा सरळ नाही, ताणलं की ती झपाट्याने वर चढते. तो चढलेला दाब मागे फुफ्फुसांत साचतो आणि माणसाला धाप लागते. पायाला सूज असेल तर डॉक्टर लघवी वाढवणारी गोळी देतात, ती या १६० ला खाली आणायला.

जाता जाता: एका ठोक्याचं काम म्हणजे १०० मिमी पारा गुणिले ७० मिली, जूलमध्ये ०.९३. मिनिटाला ७२ ठोके धरले तर सव्वा वॉटही नाही. देवघरातल्या जुन्या, तारेच्या झिरोच्या बल्बपेक्षा कमी. फक्त तो दिवसाला लाखभर वेळा लागतो-विझतो आणि बदलता येत नाही.

हे सगळं ज्याला पाठ नाही त्याने थ्री-डीला हात लावू नये, असं माझं मत आहे. काहींना ते कडक वाटतं. वाटू दे.

थ्री-डीच्या दारात पाऊल टाकण्याआधी आणखी एक हाताचं गणित. एलव्हीला पोकळ गोळा समज. खरं तर ती अंड्याच्या टोकासारखी असते, पण गोळा चालेल. आत १२० मिली रक्त, भिंतीत १४३ मिली स्नायू, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम. आतली त्रिज्या ३.०६ सेंमी, बाहेरची ३.९७. आकुंचनानंतर आत ५० मिली उरलं. स्नायू मुख्यतः पाणी असल्याने तो दाबला जात नाही, भिंतीचे १४३ मिली तेवढेच राहतात. नवी आतली त्रिज्या २.२९, बाहेरची ३.५९. भिंतीची जाडी ०.९१ वरून १.३० झाली. इकोवर भिंत 'जाड होताना' दिसते ती हीच.

मग प्रत्येक थर किती आखडला ते बघ. आतला थर २५ टक्के, भिंतीच्या मध्यावरचा १४, बाहेरचा १०. आणि स्नायूपेशी एका ठोक्यात साधारण १५ टक्क्यांच्या आसपासच आखडते. आतल्या थराने २५ कुठून आणायचे? आणि बाहेरच्याने १० वरच समाधान मानायचं म्हणजे त्याची ताकद फुकट.

निसर्गाने हा तिढा पिळाने सोडवलाय. सकाळी रामकुंडावर उभं राहून बघ. दोघी जणी भिजलेलं लुगडं दोन टोकांना धरतात आणि उलटसुलट दिशांना पिळतात. लुगड्याचा धागा फारसा आखडत नाही, पण पाणी भसाभस निघतं. रिचर्ड लोअर या इंग्रज डॉक्टराने १६६९ साली हृदयाच्या आकुंचनाची तुलना नेमकी कपडा पिळण्याशी केली होती. तीनशे वर्षांनी, १९६९ साली, डॅनियल स्ट्रीटर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या हृदयाच्या भिंतीचे पातळ काप घेऊन तंतूंचे कोन मोजले. आतल्या बाजूला आडव्या रेषेपासून साधारण अधिक ६० अंश, मध्यावर शून्य, बाहेर उणे ६०. तुझ्या भाषेत सांगायचं तर आतले तंतू राइट-हँड आट्यांचे, बाहेरचे लेफ्ट-हँड. दोघे विरुद्ध दिशांना पिळायला बघतात, बाहेरच्यांचा तरफेचा हात लांब म्हणून ते जिंकतात. टोकाकडून पाहिलं तर हृदयाचं टोक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं आणि झडपांकडचा भाग काट्यांच्या दिशेने. सगळा मिळून पीळ दहा-पंधरा अंशांचा. या पिळामुळे आतल्या तंतूंना कमी आणि बाहेरच्यांना जास्त आखडावं लागतं आणि काम सगळ्या थरांत बरंचसं सारखं वाटलं जातं. नेदरलँड्सच्या थिओ आर्ट्स यांनी हे गणिताने दाखवलं. म्हणीतल्या सुंभाचा पीळ जळल्यावरही जात नाही, हृदयाचा मात्र ते फुगलं की कमी होतो.

याच कोनांनी माझी फजिती केली होती. माझं पहिलं पूर्ण मॉडेल तयार झालं तेव्हा मी महिनाभर नीट झोपले नव्हते. भरल्यावर १२२ मिली, दाब ११८, ईएफ ५७, भिंतीची जाडी ४० टक्क्यांनी वाढतेय. सगळे आकडे टेबलात हिरवे. मी लॅपटॉप घेऊन ओळखीच्या एका कार्डिओलॉजिस्टकडे गेले. त्यांनी ॲनिमेशन दोनदा पाहिलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ताई, हे हृदय उलटं पिळतंय."

मी कोनांची दिशा उलटी भरली होती. बाहेर अधिक ६०, आत उणे ६०. आणि इथे शिकण्यासारखं असं की मॉडेलला त्याचं काहीच वाटलं नाही. गोल फिरवून बनवलेल्या सममितीच्या आकारात कोनांची चिन्हं उलटी केली की फक्त आरशातलं प्रतिबिंब मिळतं. दाब तोच, आकारमान तेच, ईएफ तोच, स्ट्रेससुद्धा तोच. फरक फक्त पिळाच्या दिशेत. माझ्या टेबलात पिळाचा रकानाच नव्हता. जे मी मोजत होते त्यातल्या एकाही आकड्याने चूक पकडली नसती, कितीही मेश (मॉडेलची जाळी) बारीक केला असता तरी. डॉक्टरांनी ती पकडली कारण ते रोज इकोवर स्पेकल ट्रॅकिंगमध्ये (चित्रातल्या ठिपक्यांचा माग काढून भिंतीची हालचाल मोजण्याची पद्धत) टोक कुठल्या बाजूला फिरतं ते बघतात.

त्या दिवसापासून माझा नियम असा: मॉडेल ज्या आकड्यावर बसवलंय तो आकडा पुरावा म्हणून दाखवायचा नाही. ताठपणा ईएफ जुळेपर्यंत फिरवला असेल तर ईएफ जुळणारच, त्यात काय नवल! ज्याला हातही लावला नाही असं काहीतरी जुळलं पाहिजे. पीळ, भिंतीची जाडी, झडपांची हालचाल, काहीही.

झडपांचं सांगायचं तर नवशिक्यांची दुसरी ठरलेली चूक तिथेच असते. केसिंगच्या फ्लँजला आपण फिक्स्ड सपोर्ट देतो, त्या सवयीने मुलं हृदयाची झडपांकडची कड पक्की बांधतात. मग मॉडेलमध्ये टोक बेडकासारखं वर उडी मारतं. खऱ्या छातीत नेमकं उलट घडतं. टोक जवळजवळ जागच्या जागी राहतं आणि झडपांची पातळी दर ठोक्याला सव्वा ते दीड सेंटिमीटर खाली, टोकाकडे सरकते. हृदय एका ओल्या, गुळगुळीत पिशवीत बसलेलं असतं. ती पिशवी टोकाला सरळ उचलू देत नाही पण घसरू देते. बाहेरच्या पृष्ठभागावर फक्त लंब दिशेच्या स्प्रिंगा लाव, कडेला मोकळं सोड, चित्र एकदम जिवंत दिसायला लागतं.

आता मटेरियल. रबरात मी मूनी-रिव्हलिन हे ताणाचं ठरलेलं सूत्र वापरायचे, नमुना ताणायचा, रेषा बसवायची, झालं. हृदयाचा स्नायू तंतूच्या दिशेने वेगळा, आडवा वेगळा, आणि ताणलं की घातांकी वेगाने ताठ होतो. ऊतींचं हे घातांकी वागणं वाय. सी. फंग यांनी रुळवलं. आजकाल बहुतेक जण होल्झाफेल आणि ऑग्डेन यांचं २००९ चं मॉडेल घेतात, त्यात आठ स्थिरांक आहेत. आठही एका पेशंटच्या एमआरआयवरून काढतो असं कोणी म्हटलं तर हसून सोडून दे. हे स्थिरांक एकमेकांना सांभाळून घेतात, एक वाढव, दुसरा कमी कर, भरण्याची रेषा तीच. मी प्रमाणं छापील शोधनिबंधातली ठेवते आणि एकच गुणक पेशंटनुसार फिरवते. कंटाळवाणं आहे, पण प्रामाणिक आहे.

यापेक्षा मोठा गुंता आकाराचा आहे. केसिंगचं ड्रॉइंग म्हणजे बिनताणाचं केसिंग. हृदयाचं स्कॅन मात्र कधीच बिनताणाचं नसतं, सगळ्यात सैल क्षणीही आत काही मिमी पारा दाब असतो. स्कॅनच्या आकाराला शून्य ताण समजून त्यावर परत दाब दिलास तर हृदय दोनदा फुगवलंस. म्हणून उलटं चालावं लागतं. थोडा लहान आकार अंदाजे घ्यायचा, फुगवायचा, स्कॅनशी ताडून पाहायचा, फरक वजा करायचा, पुन्हा फुगवायचा. पाच-सात फेऱ्यांत साधतं. आणि तो 'रिकामा' आकारही खरा बिनताणाचा नसतोच. ओमेन्स आणि फंग यांनी १९९० साली उंदराच्या हृदयाची चकती कापून तिला एक छेद दिला, तर ती चकती आपोआप उघडली. भिंतीत मुळातच ताण भरलेला असतो. तू ते सध्या सोडून दे.

विजेचंही सोड. पेशीत विद्युत लहर कशी उठते याचं पहिलं हृदयाचं गणित डेनिस नोबल यांनी १९६० साली मांडलं आणि आज ती शाखा स्वतःच एक विद्यापीठ आहे. ज्यांना अनियमित ठोके किंवा डाव्या-उजव्या बाजूंचं बिघडलेलं टायमिंग अभ्यासायचंय त्यांना ती लागते. तुझ्या प्रश्नात सगळी भिंत एकाच वेळी आखडते असं धरलं तरी काही बिघडत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल दोनच गोष्टी. युटा विद्यापीठाचं फीबायो घे, विद्यार्थ्यांना फुकट आहे आणि मऊ ऊतींसाठीच बनवलंय. कॉलेजच्या कमर्शियल सॉफ्टवेअरमध्ये हेच करायला गेलास तर तंतूंचे कोन भरण्यातच दिवाळी निघून जाईल. दुसरं, मेशसाठी साधे चार नोडचे टेट्राहेड्रन (चार कोपऱ्यांचे तुकडे) वापरू नकोस. न दाबल्या जाणाऱ्या मटेरियलमध्ये ते लॉक होतात, भिंत उगाच ताठ वागते, आणि मग तू ते भरून काढायला स्थिरांक कमी करत बसतोस. रबरवाल्यांना ही खोड चांगली ठाऊक आहे. कोड बरोबर चालतोय का ते तपासायला २०१५ साली बऱ्याच संशोधन गटांनी मिळून तीन परीक्षा-गणितं प्रसिद्ध केली. एक वाकणारी पट्टी, एक फुगणारी लंबगोल जवनिका, आणि एक फुगून आखडणारी. तिसऱ्यात पीळही येतो. तुझी उत्तरं त्यांच्याशी जुळल्याशिवाय स्वतःच्या मॉडेलचा स्क्रीनशॉट कुणाला दाखवू नकोस, गाइडलासुद्धा.

तर प्रोजेक्ट म्हणून मी तुला काय सुचवेन? आजींचं हृदय नको. प्रश्न एवढाच ठेव: तेवढाच स्नायू, पण हृदय १२० ऐवजी १६० मिली भरलं तर भिंतीवरचा ताण किती वाढतो? आधी गोळ्यावर काढ. भिंतीतला सरासरी स्ट्रेस म्हणजे दाब गुणिले आतल्या त्रिज्येचा वर्ग, भागिले बाहेरच्या आणि आतल्या वर्गांमधला फरक. १२० मिलीला हा गुणक १.४५ येतो, १६० ला १.८८. त्याच दाबाला ३० टक्के जास्त ताण, तेवढ्याच स्नायूवर. वर पाहिलं होतंस ना, दुबळ्या हृदयाने जास्त भरून ७० मिली परत मिळवले? त्याचं बिल हे. तोच दाब देताना प्रत्येक तंतूला जास्त ओढायचं, जास्त ऑक्सिजन जाळायचा, आणि भिंत आणखी फुगायची.

मग हेच लंबगोल जवनिकेवर फीबायोमध्ये कर, तंतूंसकट. सरासरी गोळ्याच्या जवळपास आली पाहिजे. नाही आली तर मॉडेलवर शंका घे, गोळ्यावर नको. त्यानंतर बघ की ती ३० टक्क्यांची वाढ आत, मध्ये आणि बाहेर सारखी वाटली जाते का. कोन ६० ऐवजी ४० केले तर काय होतं? पीळ कमी केला तर? इथून पुढचं तुझं स्वतःचं काम असेल, आणि कुठल्याही बाहेरच्या परीक्षकाला त्यावर तासभर बोलण्यासारखं सापडेल. निकालाच्या टेबलात पिळाचा रकाना ठेव आणि शेजारी दिशाही लिही.

गोळ्याचं गणित मात्र आजच रात्री कर, हातानेच. १६० मिलीला आतली त्रिज्या ३.३७ आणि बाहेरची ४.१७ सेंमी आली पाहिजे. नाही आली तर बहुधा भिंतीचे १४३ मिली बाहेरच्या घनफळात मिळवायचे राहिलेत.